वाकून बघणाऱ्या तसबिरी

जुन्या घराच्या ओटीवर किंवा माजघरात बसलं, की दाराच्या वरच्या तसबिरी खाली वाकून आपल्याकडे बघायच्या. चौकटीची खालची कड भिंतीला टेकलेली आणि वरची कड दोरीवर पुढे झुकलेली. घरातली माणसं जमिनीवर बसत, जेवत, सुपारी कातरत. त्यांच्या नजरेला चित्र सरळ भिडावं, म्हणून हा वाक. काचेवर दारातला उजेड चमकत नसे, धूळ कमी बसे आणि मागून वारा खेळता राहिल्यानं भिंतीची ओल कागदापर्यंत पोचत नसे. ही युक्ती कुणा एकाची नाही, पण तिच्यामागचं शहाणपण मला फार मोठं वाटतं.

या भिंतींवर छापील चित्रं आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा हात असलेला पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८ सालचा. तिथली नाना फडणवीसांची आणि देवादिकांची रंगीत शिळाछापं घरोघर गेली. मग १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी गिरगावात छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड आणि वरून तैलचित्रासारखी चकाकी देणारं रोगण, अशी ती कारागिरी. राजवाड्यात टांगायच्या लक्ष्मी-सरस्वती यामुळे चार पैसे गाठीला असलेल्या कुणाच्याही घरी आल्या. कित्येक घरांतल्या बायकांनी या छापील देवींना खरी जर आणि टिकल्या लावून शालू नेसवले. त्या अनामिक हातांना मी चित्रकारांच्याच पंगतीत बसवीन. मूळ रंगांतला रविवर्मा बघायचा असेल तर साताऱ्याजवळ औंधला जावं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या भवानी संग्रहालयात रविवर्म्यांची तैलचित्रं आहेत.

भिंतीवर कोण आहे, यावरून घर कळतं. कुठे पंढरीचा विठोबा, कुठे लोकमान्य, कुठे जोतीराव-सावित्रीबाई. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि असंख्य घरांतल्या भिंतींवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी आले. त्या भिंतींवर देवांच्या जागी या तसबिरी येणं म्हणजे आयुष्याची दिशा बदलल्याचं जाहीर करणं होतं. तसबिरींच्या इतिहासातली याहून मोठी घटना मला दिसत नाही.

आणखी एक धागा दिवाळी अंकांच्या परंपरेतला. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’नं दिवाळी अंकाची प्रथा पाडली. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं वाचक जपून कापत आणि फ्रेमवाल्याकडे नेत. चित्र विकत घ्यायची ऐपत नसलेल्या घराचं तेच कलादालन.

वारली चित्राचा प्रवास मात्र उलटा. लग्नाचा चौक घराच्या शेणानं सारवलेल्या भिंतीवरच लिहायचा, पालघट देवीसाठी. सत्तरच्या दशकात जिव्या सोमा म्हशे यांच्या हातून ही कला कागदावर आणि कापडावर आली, आणि आज शहरातल्या बैठकीत काचेमागे दिसते. असं चित्र घेतलंत तर ते कुणी काढलं ते विचारा आणि ते नाव जपा.

आता आपल्या फ्लॅटकडे येतो. इथं एक मोठी चूक घरोघरी दिसते. आपण जुन्या घराची उंची ठेवली आणि वाक घालवला. तसबीर अजून दाराच्या चौकटीच्या वर, पण भिंतीला सपाट चिकटलेली. तिच्याकडे कुणी बघत नाही. कलादालनात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर येईल असं टांगतात, पण ते उभ्यानं बघणाऱ्यांसाठी. घरात आपण बसलेलो असतो. सोफ्याच्या पाठीपासून वीतभर वर चित्राची खालची कड आली की पुरे. भारतीय बैठक असेल तर आणखी खाली, निःसंकोच.

पावसाळा हा तसबिरीचा खरा शत्रू, कोकण-गोव्यात तर विशेषच. कागद काचेला टेकलेला असेल तर दमटपणानं तो तिथंच चिकटतो. म्हणून मधे माउंटचा जाड पुठ्ठा हवाच, आणि तो आम्लरहित मागा. साधा पुठ्ठा काही वर्षांत चित्र पिवळं करतो. चौकटीच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांवर बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवले की भिंत आणि तसबीर यांत हवा राहते. कसर आणि बुरशी दोन्हींना आळा बसतो. न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळा. पश्चिमेचं ऊन थेट येतं तिथं जुना फोटो लावू नका. मूळ प्रत कपाटात ठेवून नक्कल टांगा. काच पुसताना पाणी फडक्यावर घ्या, काचेवर फवारू नका, ते कडेनं आत उतरतं. आणि काचेला चिकटलेला फोटो कधीही ओढून काढू नका, जाणकाराकडे द्या.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत तसबिरी खाली उतरतीलच. तेव्हा एक कराच. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा, फोटोतल्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि साल विचारा, आणि ते एका कागदावर पेन्सिलीनं लिहून चौकटीच्या मागे लावून ठेवा.