घरगुती मत्स्यालय आणि पाण्याची अल्कता

अलीकडे अनेक घरांच्या बैठकीत काचेची मत्स्यटाकी दिसू लागली आहे. मुलांच्या हौसेखातर मासे आणले जातात, काही महिने ते आनंदाने विहरतात आणि एके दिवशी, पाणी आरशासारखे नितळ असतानाही, एकामागून एक दगावतात. मग दोष दुकानदाराला तरी दिला जातो, नाही तर नशिबाला. वास्तविक अशा मृत्यूंमागे पुष्कळदा एक मोजता येण्यासारखे कारण असते. ते म्हणजे पाण्याची संपत आलेली अल्कता. मुक्या जीवाला घरात आणले की त्याच्या पाण्याची जबाबदारीही आपल्याकडे येते. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलाने विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम सामू आणि अल्कता यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी 1909 साली सामूची संकल्पना मांडली. पाणी या क्षणी किती आम्लधर्मी वा आम्लारिधर्मी आहे, हे सामू सांगतो. अल्कता मात्र पाण्याची आम्ल पचविण्याची शक्ती दर्शविते. ही शक्ती मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमुळे येते. सामू ही आजची स्थिती मानली, तर अल्कता ही कोठारातील शिल्लक होय. कोठारात धान्य आहे तोवर घर सुरळीत चालते. ते रिते झाल्यावरच उपासमार उघड होते. त्याचप्रमाणे अल्कता शिल्लक असेतो सामू फारसा ढळत नाही आणि ती संपली की तो झपाट्याने कोसळतो.

ही शिल्लक खर्च कशी होते? लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 च्या सुमारास सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून बंदिस्त पाण्यातही जीवनाचा समतोल साधता येतो, हे दाखविले. परंतु या समतोलात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंचाही वाटा असतो. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या क्रियेत आम्ल निर्माण होते आणि प्रत्येक 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 7 मिलिग्रॅम अल्कता (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) खर्ची पडते. म्हणजे मासे जितके अधिक आणि खाद्य जितके जास्त, तितकी शिल्लक लवकर आटते.

खरा धोका यापुढे आहे. सामू 6 च्या खाली गेला की या जिवाणूंचे काम मंदावते व अमोनिया साचू लागतो. आम्लधर्मी पाण्यात तो बहुतांशी अमोनियम या कमी घातक रूपात असतो, त्यामुळे मासे कसेबसे तग धरतात. अशा वेळी टाकी ‘स्वच्छ’ करण्यासाठी एकदम अर्धेअधिक पाणी बदलून बोअरवेलचे पाणी भरले, तर सामू अकस्मात चढतो. 25 अंश सेल्सिअस तापमानाला सामू 7 असता विषारी मुक्त अमोनियाचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का असते, तर सामू 8 असता ते सुमारे पाच टक्के, म्हणजे जवळजवळ दहापट होते. सद्हेतूने केलेली सफाई माशांच्या जिवावर बेतते ती अशी.

अल्कतेची चाचणी कोणताही आठवीचा विद्यार्थी करू शकेल इतकी सोपी आहे. मत्स्यालयाच्या दुकानात ‘केएच’ नावाचा थेंबांचा संच मिळतो. परीक्षानळीत सामान्यतः 5 मिलिलिटर पाणी घ्यावे, एकेक थेंब टाकून नळी हलवावी आणि निळा रंग पिवळा होईपर्यंत थेंब मोजावेत. बहुतेक संचांत एक थेंब म्हणजे एक अंश. तरी सोबतचे सूचनापत्रक वाचावे. एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे 17.9 मिलिग्रॅम. मिश्र मासे असलेल्या साध्या टाकीत 4 ते 8 अंश अल्कता उचित होय. गप्पी व मोली यांना अधिक अल्कता मानवते. निऑन टेट्रासारखे अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील मासे कमी अल्कतेत राहतात.

टाकीबरोबरच घरच्या नळाचे पाणीही तपासावे. सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या धरणांचे पाणी बहुधा सौम्य असते, तर दख्खनच्या पठारावरील बोअरवेलच्या पाण्यात बायकार्बोनेट बरेच आढळते. उन्हाळ्यात बाष्पीभवन होते तेव्हा केवळ पाणी उडते, क्षार मागे राहतात. तूट भरण्यासाठी दरवेळी बोअरचेच पाणी घातल्यास अल्कता उलट वाढत जाते. तेथे शुद्ध केलेले सौम्य पाणी वापरावे.

अल्कता कमी आढळल्यास आधी अमोनियाची चाचणी करावी. अमोनिया असेल तर खाद्य कमी करून दररोज दहावा हिस्सा पाणी बदलीत जावे. सोड्याची घाई करू नये. अमोनिया नसेल तर खाण्याचा सोडा उपयोगी पडतो. 100 लिटर पाण्यात 3 ग्रॅम सोडा घातल्यास अल्कता सुमारे एक अंशाने वाढते. टाकीत 60 लिटर पाणी असून अल्कता 2 अंशांवरून 4 अंशांवर न्यायची असेल, तर 3.6 ग्रॅम सोडा लागेल. तो दोन समान भागांत, दोन दिवसांत, वेगळ्या भांड्यात विरघळवून घालावा. धुण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर कदापि वापरू नये. गाळणीत शिंपल्यांचा वा प्रवाळाचा चुरा ठेवल्यास तो सावकाश विरघळून अल्कतेला आधार देतो.

आठवड्यातून एकदा चाचणी करून तारखेसह वहीत नोंद ठेवावी आणि दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलावे. सलग नोंदींत आकडा उतरताना दिसला, तर संकट येण्यापूर्वीच त्याची चाहूल लागते. पाण्याच्या नितळपणावर विसंबू नये, चाचणीवर विसंबावे, ही सवय मुलांना घरातील टाकीपासूनच लावता येईल.