लाखोळीचा दोष किती, भुकेचा किती?

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धान कापणीला येतं, तेव्हा बांधीत थोडी ओल उरलेली असते. त्या उभ्या धानातच लाखोळी या कडधान्याचं बी फेकतात. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. तरी पीक हाती लागतं. दुष्काळात बाकीची पिकं करपली तरी लाखोळी तग धरते. तिच्या बदनामीचं मूळही याच चिवटपणात आहे.

लाखोळीच्या दाण्यात ‘ओडॅप’ हे अमिनो आम्ल असतं. भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ते वेगळं काढलं. मज्जापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ग्लुटामेट वापरतात. ओडॅपची रचना त्याच्याशी मिळतीजुळती असल्यानं पेशी फसतात, सतत उत्तेजित राहतात आणि मरतात. मोठा फटका बसतो तो पायांना हालचालीचे आदेश पोचवणाऱ्या पेशींना. पोटऱ्या ताठरतात, गुडघे एकमेकांना घासतात, माणूस चवड्यांवर चालू लागतो. मग एक काठी, दोन काठ्या, शेवटी रांगणं. बुद्धी मात्र शाबूत राहते. हा लॅथिरिझम. गेलेली चाल परत आणणारं औषध त्यावर नाही.

अधूनमधून वाटीभर वरण खाल्ल्यानं असं होत नाही. दोन-तीन महिने आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखोळीच असेल, तर धोका. अशी पाळी येते दुष्काळात, आणि पाण्याचा ताण पडला की दाण्यातलं ओडॅपही वाढतं. डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं तर विष बरंच उतरतं. पण दुष्काळात पाणी आणि सरपण कुठलं?

कधी दुष्काळाची जागा माणूसच घेतो. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात वेठबिगारांना मजुरी याच धान्यात मिळे. १९४२ मध्ये रुमानियाच्या वाप्नियार्का छळछावणीत ज्यू कैद्यांना गुरांचा हा दाणा खायला घातला आणि शेकडो जण आजारी पडले. कारण ओळखलं ते आर्थर केसलर या कैदी डॉक्टरांनी.

केंद्रानं १९६१ मध्ये लाखोळीच्या विक्रीवर बंदी आणली. पुढे रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी ओडॅपचे वाणही निघाले. भारतात आज हा आजार क्वचितच दिसतो, लाखोळी मात्र अजून पिकते. बंदी आणि वाण यांच्याइतकंच श्रेय द्यायला हवं ते मजुराच्या ताटात आलेल्या गहू-तांदळाला.