त्रैक्य

त्रैक्य : परमेश्वर एकच असून पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्तींच्या रूपाने तो अनादी काळापासून आहे, हा ख्रिस्ती धर्माचा मूलभूत सिद्धांत. या तीन व्यक्ती परस्परांहून भिन्न आहेत; तथापि त्यांचे ईश्वरी तत्त्व एकच व अविभाज्य असल्याने देव तीन ठरत नाहीत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांना हा सिद्धांत मान्य आहे. परंतु त्याच्या अर्थाविषयी, आणि काही पंथांत त्याच्या स्वीकाराविषयीच, मतभेद झालेले आहेत.

‘त्रैक्य’ या अर्थाचा शब्द बायबलमध्ये आढळत नाही. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा (मत्तय २८:१९) आणि शब्द हाच देव होता हे विधान (योहान १:१) यांवर त्रैक्यवादी भर देतात. तर पिता पुत्राहून थोर आहे, या येशूच्याच उद्‌गाराकडे (योहान १४:२८) विरोधक बोट दाखवितात. इ. स. २०० च्या सुमारास तेर्तुलियन याने या कल्पनेसाठी लॅटिन शब्द रूढ केला. पिता, पुत्र व आत्मा ही एकाच देवाची केवळ तीन रूपे होत, हे सबेलियसचे मत तिसऱ्या शतकात त्याज्य ठरले. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून अनादी नव्हे, असे अलेक्झांड्रियाचा धर्मोपदेशक एरियस याने मांडले. नायसीया येथील धर्मपरिषदेने (३२५) ते नाकारून पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे घोषित केले. तारणारा स्वतः देव नसेल, तर त्याच्याद्वारे मिळणारे तारणही ईश्वरी ठरणार नाही, हा अथनेशियसचा मुख्य युक्तिवाद होता. कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने (३८१) पवित्र आत्म्याविषयीचा भाग विस्तारला.

पवित्र आत्मा केवळ पित्यापासून निघतो, की पिता व पुत्र या दोघांपासून, यावर पुढे पूर्व व पश्चिम चर्चमध्ये वाद झाला. ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द पश्चिमेने मतांगीकारात घातले. अशी भर घालण्याचा अधिकार एकट्या पश्चिम चर्चला नाही, हाही पूर्वेचा आक्षेप होता. १०५४ च्या फुटीमागील कारणांत हा वाद गणला जातो. धर्मसुधारणेच्या काळात ल्यूथर व कॅल्व्हिन यांनी त्रैक्य कायम ठेवले. ते नाकारणाऱ्या मायकेल सर्व्हेटस याला जिनीव्हात १५५३ मध्ये जाळण्यात आले. सोसिनसच्या अनुयायांनी व त्यानंतर युनिटेरियन पंथाने देवाच्या निखळ एकत्वाचा पुरस्कार केला. यहोवाचे साक्षीदार त्रैक्य मानीत नाहीत. मॉर्मन पंथीय पिता, पुत्र व आत्मा यांना तीन स्वतंत्र सत्ता समजतात, तर एकत्ववादी पेंटेकोस्टल केवळ येशूच्या नावाने बाप्तिस्मा देतात.

मराठीत फादर स्टीफन्स यांच्या *क्रिस्तपुराणा*ने (१६१६) ख्रिस्ती सिद्धांत ओवीबद्ध केले. महाराष्ट्रातील या विषयावरचा सर्वांत अर्थपूर्ण वाद पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात आढळतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला. नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांच्या लेखनाचा या निर्णयावर प्रभाव होता. मात्र त्रैक्यासारखे सिद्धांत केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करण्यास रमाबाईंनी नकार दिला. बायबलचा अधिकार त्यांना मान्य होता. पण भारतीय पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटल्यावर तसेच दुसरे जोखड पत्करण्यास त्या तयार नव्हत्या. सिस्टर जेराल्डीन व डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे मुक्ती मिशनच्या काळात त्यांची श्रद्धा रूढ इव्हँजेलिकल वळणाची झाली. दुसरीकडे, ख्रिस्ती न होताही युनिटेरियन विचारांशी संबंध ठेवणारा प्रवाह प्रार्थना समाजात (१८६७) होता. विठ्ठल रामजी शिंदे यांनी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात १९०१ ते १९०३ या काळात शिक्षण घेतले, ते युनिटेरियनांच्या साहाय्याने.

त्रैक्याची तुलना अनेकदा त्रिमूर्तीशी केली जाते. सृष्टी, स्थिती व लय अशी कार्ये ब्रह्मा, विष्णू व महेश यांच्याकडे वाटलेली आहेत. त्रैक्यात मात्र अशी कार्यविभागणी हा भेदाचा आधार नसून परस्परसंबंध हा आहे. केशवचंद्र सेन यांनी १८८२ मध्ये सत्, चित् व आनंद या पदांनी केलेला अर्थ ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ मधील संस्कृत स्तोत्रात पुढे नेला.

वऱ्हाडात हा प्रश्न मुख्यतः व्यवहाराच्या पातळीवर येतो. बुलढाणा जिल्ह्यात खामगाव, बुलढाणा इ. ठिकाणी ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने प्रॉटेस्टंट मंडळ्या स्थापिल्या. कॅथलिकांचा येथील कारभार १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांताकडे आहे. दोघांनाही त्रैक्य मान्य आहे. त्यामुळे पाण्याने व त्रैक्याच्या नावाने झालेला प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च सामान्यतः वैध मानते व तो पुन्हा देत नाही. उलटपक्षी, श्रद्धा ठेवण्याइतके वय झाल्यावरच बाप्तिस्मा घ्यावा असे अलायन्स परंपरा मानीत असल्याने अर्भकावस्थेतील बाप्तिस्म्याविषयी तिचा आक्षेप असतो. तो त्रैक्यावरून नव्हे. त्रैक्य नाकारणाऱ्या पंथातून आलेल्या व्यक्तीस मात्र बाप्तिस्मा नव्याने घ्यावा लागू शकतो. ख्रिस्ती कोणास म्हणावे, हा या सिद्धांताशी निगडित प्रश्न म्हणूनच केवळ तत्त्वचर्चेपुरता उरत नाही.