टाके पिकतात ते बांगड्यामुळे नव्हे

“बांगडो खाव नको, टाके पिकतले.” ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाला तोंडवलीसारख्या गावात हा सल्ला हमखास मिळतो. एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी आणि ताटात नुसती पेज-लोणचं! जखम भरायला प्रथिनं लागतात आणि किनाऱ्यावर ती मासळीइतकी सहज दुसऱ्या कशात मिळणार? मासळीचं वावडं नसेल, डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर बांगडा बिचारा निर्दोष आहे.

टाके पिकवणारे जंतू बहुतेकदा आपल्याच अंगावरचे असतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा त्यातला नेहमीचा. कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात तो बिनबोभाट राहतो. कातडीला छेद गेला की त्याला आत वाट मिळते. आतड्याचं ऑपरेशन असेल तर आतड्यातले जंतू जखमेत उतरतात. त्यात साखर वाढलेली असली किंवा बिडी सुटत नसली, की शरीराचा प्रतिकार ढिला पडतो.

लिस्टर या शल्यविशारदाने १८६७ मध्ये जखमांवर जंतुनाशक म्हणून वापरलेल्या कार्बोलिक आम्लाचे आपले अनुभव छापले, तोवर पू येणं हे जखम भरत असल्याचं लक्षण मानणारे डॉक्टरही होते. आता बराचसा बंदोबस्त छेद देण्याआधीच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचना सांगतात, की वस्तऱ्याने केस काढू नयेत, कारण कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात; काढायचेच तर मशीनने कापावेत. अँटिबायोटिक द्यायचं तर ते छेदाआधीच्या १२० मिनिटांत द्यावं आणि ऑपरेशन संपल्यावर निव्वळ खबरदारी म्हणून लांबवू नये. आपल्याकडे मात्र गोळ्यांची पिशवी हातात पडली नाही, तर डॉक्टरच कच्चा वाटतो.

पहिले दोन-तीन दिवस टाक्यांभोवती थोडी लाली, थोडी सूज असायचीच. दुखणं कमी होत आलं आणि आठवड्याभराने पुन्हा ठणका लागला, जागा गरम झाली, पू किंवा ताप आला, तर हळद दाबत बसू नये, दवाखाना गाठावा. तिथे एखादा टाका उसवून पू वाहता करतात. घरचे घाबरतात, पण मुख्य उपचार तोच. कोणतं औषध लागू पडेल हे पुवाच्या तपासणीतून कळतं. खाऱ्या पाण्याने जखम सुकते म्हणून टाके असताना रापण ओढायला उतरणं तर जिवावर बेतू शकतं. कोमट, निमखाऱ्या पाण्यातले काही व्हिब्रिओ जंतू जखमेतून शिरतात आणि यकृताचा आजार असलेल्याला फार जड जातात.

जखमेतला संसर्ग ऑपरेशननंतर ३० दिवसांपर्यंत, हर्नियाची जाळी किंवा कृत्रिम सांधा बसवला असेल तर ९० दिवसांपर्यंतही डोकं वर काढू शकतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनात आणखी एक पेच असतो. बेंबीजवळचं भोक छान भरतं आणि तीन-चार आठवड्यांनी तिथेच गाठ येऊन पातळ पाणी झिरपू लागतं. हे काम पाण्यात राहणाऱ्या, क्षयाच्या जंतूंच्या भाऊबंदांचं असू शकतं. रसायनात बुडवलेली उपकरणं साध्या पाण्याने धुतली की ते त्यांच्यावर बसतात. नेहमीची अँटिबायोटिक्स त्यांच्यापुढे चालत नाहीत, उपचार काही महिने घ्यावे लागतात. म्हणून असा फोड दाखवताना ऑपरेशनची तारीख आधी सांगावी आणि पू या जंतूंसाठी वेगळा तपासायचा का, हे विचारावं.