गादीवरचा देह आणि चिनी वैद्यकाची दृष्टी

व्यापार आणि बैठक यांचा संबंध इतका जुना आहे की, दुकानदाराच्या आसनालाच आपण ‘गादी’ म्हणतो आणि मुलगा धंद्यात आला म्हणजे ‘गादीवर बसला’ असे म्हणतो. पांढुर्णा व सौंसर येथील आपल्या बहुतेक सभासदांचा दिवस याच गादीवर उगवतो व मावळतो. सकाळी कुलूप काढले म्हणजे रात्री हिशेब जुळेपर्यंत माणूस जागचा हलत नाही. माल हमाल उचलतो, निरोप मुलगा नेतो आणि आता तर बाजारभावही खिशातील फोनवर येऊन पडतो. कापसाच्या वा संत्र्यांच्या हंगामात जेवणदेखील गादीवरच उरकते. अशा जीवनक्रमाने शरीराचे काय होते, या प्रश्नाचा विचार निरनिराळ्या देशांच्या वैद्यांनी केला आहे. त्यांपैकी चिनी वैद्यांनी तो कसा केला, याची थोडी ओळख सभासद बंधुभगिनींना करून द्यावी, असा या लेखाचा हेतू आहे.

‘हुआंग-दी नेई-चिंग’ हा चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ मानला जातो. नावाचा अर्थ साधारणपणे ‘पीतसम्राटाचे आंतरवैद्यक’ असा होईल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे संकलन झाले. सम्राटाने प्रश्न विचारावे व वैद्याने उत्तरे द्यावी, अशी त्याची संवादरूप मांडणी आहे. त्यात एके ठिकाणी पाच प्रकारच्या अतिरेकांची गणना केली आहे. फार वेळ पाहत राहिल्याने रक्ताची हानी होते. फार पडून राहिल्याने प्राणशक्तीची, फार बसल्याने मांसाची, फार उभे राहिल्याने हाडांची आणि फार चालल्याने स्नायुबंधांची. यातील शरीरशास्त्र आजच्या कसोटीला अक्षरशः उतरणार नाही. परंतु बसणे ही विश्रांती नसून तोही एक प्रकारचा अतिश्रम होय, हा विचार त्या काळी सुचावा, याचे नवल वाटते. आपण दुकानातून घरी परत येतो तेव्हा ‘दिवसभर बसून बसून थकलो’ असे म्हणतो आणि त्यात काही विसंगती आहे असे आपल्याला वाटतही नाही.

या विचाराला आधुनिक पुष्टी मिळाली ती लंडनच्या दुमजली बसगाड्यांतून. जेरेमी मॉरिस या वैद्याने १९५३ साली आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढून-उतरून तिकिटे देणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे त्यांना आढळले. पुढे गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या कमरा नोकरीच्या आरंभापासूनच मोठ्या होत्या असे दिसले. म्हणजे सारा फरक केवळ जिन्याचा नव्हता. तथापि त्यानंतर झालेल्या असंख्य अभ्यासांनी मूळ सूत्र पक्केच केले आहे. आपल्या बाजारात चालक म्हणजे शेठजी आणि वाहक म्हणजे हमाल, असे म्हणण्याचा मोह होतो. पण पाठीवर पोते वाहणाऱ्याचे मणके व गुडघे काय भोगतात ते आपण पाहतोच. चिनी ग्रंथकाराने उभे राहण्याचा व चालण्याचा अतिरेकही त्याच यादीत घातला, तो उगाच नव्हे.

चिनी वैद्यकाच्या मुळाशी ‘ची’ नावाची कल्पना आहे. तिला आपण ढोबळपणे प्राण किंवा वायू म्हणू. ही ‘ची’ शरीरातील ठरावीक मार्गांनी अखंड वाहत असते. ती वाहती असली म्हणजे आरोग्य आणि अडली म्हणजे वेदना. हे मार्ग शवविच्छेदनात कोणाला सापडलेले नाहीत आणि सापडतील अशी अपेक्षाही कोणी धरू नये. परंतु ज्याचे भांडवल गोदामात अडकून पडले आहे त्या व्यापाऱ्याला ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही. माल चांगला असतो, किंमतही असते, पण उठाव नसल्यामुळे पेढी आजारी पडते.

हुआ-तो नावाचा प्रसिद्ध वैद्य इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात होऊन गेला. त्याने हाच विचार बिजागरीच्या दृष्टान्ताने मांडला. जे दार रोज उघडते व मिटते त्याची खुंटी कुजत नाही. शरीरालाही त्याचप्रमाणे हालचाल हवी, मात्र ती थकवा येईल इतकी नसावी. त्याने वाघ, हरिण, अस्वल, वानर आणि पक्षी या पाच प्राण्यांच्या हालचालींवरून पाच प्रकारचा व्यायाम बसविला. त्याचा वू-फू नावाचा शिष्य हा व्यायाम नित्य करीत असे. नव्वदी ओलांडल्यावरही त्याचे दात शाबूत होते आणि दृष्टी व श्रवण तीक्ष्ण होते, असे तिकडच्या जुन्या इतिहासग्रंथात नमूद आहे. याहून जुना पुरावा १९७३ साली चांग-शा शहराजवळील एका थडग्यात सापडला. हे थडगे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेले होते. त्यात निघालेल्या रेशमी पटावर चव्वेचाळीस स्त्रीपुरुष निरनिराळ्या व्यायामस्थितींत रंगविलेले आहेत. त्यात वृद्ध आहेत, तरुण आहेत, स्त्रिया आहेत. व्यायाम हा केवळ तालमीत जाणाऱ्या पोरांचा विषय नव्हे, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराला ठाऊक होते.

येथे आपल्या भागातील परंपरेची आठवण होणे साहजिक आहे. अमरावती येथे १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्यापासून दूर नाही. त्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती. जोर, बैठका, मल्लखांब, सूर्यनमस्कार हे आपल्या रक्तातले आहेत. परंतु हा व्यायाम बहुधा तरुणपणी सुरू होतो आणि लग्न, गादी व पोट ही तिन्ही आली की सुटतो. पन्नाशीच्या गृहस्थाने एकाएकी शंभर जोर काढू नयेत हेही खरेच. (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात जो जोर दगडांवर खर्च होतो, तो आरोग्याच्या खात्यावर कोणी जमा धरू नये.) चिनी पद्धतीची उपयुक्तता नेमकी या ठिकाणी आहे. तिचे बहुतेक व्यायाम संथ असतात, ते उभ्याने होतात, त्यांना साधने लागत नाहीत आणि अंगावरचे कपडेही बदलावे लागत नाहीत.

त्यांपैकी ‘बा-तुआन-चिन’, म्हणजे आठ रेशमी तुकडे, ही मालिका शिकण्यास सर्वांत सोपी आहे. बाराव्या शतकातील लेखनात तिचा उल्लेख मिळतो. पहिल्या क्रियेत दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून तळवे वर आकाशाकडे न्यावयाचे व श्वास घेत सर्व अंग ताणावयाचे असते. दुसऱ्या क्रियेत घोड्यावर बसल्याप्रमाणे गुडघे किंचित वाकवून धनुष्य ओढल्यासारखा एक हात सरळ व दुसरा छातीशी आणावयाचा. वहीवर वाकून ज्यांची छाती आत गेली आहे त्यांना ही विशेष हितकर वाटेल. चौथीत मान सावकाश वळवून मागे पाहावयाचे. शेवटच्या आठव्या क्रियेत टाचा उचलून हलकेच खाली टेकावयाच्या, असे सात वेळा. सगळी मालिका दहा-पंधरा मिनिटांत पुरी होते. ज्यांना चक्कर येते, ज्यांचे गुडघे झिजले आहेत किंवा मानेचा विकार आहे, त्यांनी वाकण्याच्या व मान फिरविण्याच्या क्रिया डॉक्टरांना विचारूनच कराव्यात.

‘ताय-ची’ हा याच घराण्यातील अधिक विस्तृत प्रकार आहे. मूळची ती युद्धविद्या. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा-खात्याने तिचा चोवीस हालचालींचा सोपा क्रम तयार केला आणि तो पुढे जगभर पसरला. तिच्या फायद्यांविषयी पुष्कळ अतिशयोक्ती ऐकू येते. मात्र एक गोष्ट चांगल्या चाचण्यांतून पुढे आली आहे. २०१९ साली अशा अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला; त्यात ताय-ची करणाऱ्या वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी आढळले. ज्या घरातील वडीलधारी व्यक्ती न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडून बसली आहे, त्या घराला या एक पंचमांशाचे मोल कळेल.

आहाराच्या बाबतीत तिकडचा उपदेश आणि आपल्या घरांतील वळण आश्चर्य वाटावे इतके जवळ येतात. सातव्या शतकातील सुन-स्स-म्याव या थोर वैद्याने रात्री पोटभर जेवू नये आणि जेवणानंतर शतपावली करून पोटावर हात फिरवावा, असे सांगितले आहे. आपल्याकडील चौविहार व ऊनोदरी यांच्या मुळाशी अहिंसा व संयम आहेत, आरोग्य हा त्यांचा हेतू नव्हे. ते धर्माचरण आहे, औषध नव्हे. त्यामुळे चिनी वैद्याची साक्ष काढून त्यांना प्रतिष्ठा देण्याचे कारण नाही. कायोत्सर्गाचीही गोष्ट तीच. चिनी पद्धतीत वृक्षासारखे निश्चल उभे राहण्याचा एक व्यायाम आहे. दिसण्यात तो कायोत्सर्गासारखा वाटतो. परंतु एकात देह बळकट करावयाचा असतो आणि दुसऱ्यात देहाची ममता सोडावयाची असते. एवढे मात्र खरे की, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने रक्तातील साखरेची चढ कमी होते, हे आता मोजून सिद्ध झाले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही असल्याचा अंदाज दिला. सूर्यास्तापूर्वी जेवून पुन्हा लगेच गादीवर बसणाऱ्याने निम्माच लाभ पदरात पाडून घेतला, असे म्हणावे लागेल. मधुमेहाची औषधे अथवा इन्शुलिन चालू असणाऱ्यांनी पर्युषणातील उपवासांपूर्वी आपल्या डॉक्टरांशी अवश्य बोलून घ्यावे.

हे वैद्यक आपल्याकडे आले कसे, हेही पाहण्यासारखे आहे. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून पाच भारतीय डॉक्टरांचे पथक जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनच्या मदतीला निघाले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यातच होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांनी चीनमध्येच देह ठेवला. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्याच पथकात आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे आपल्या भागात फारसे कोणी सांगत नाही. हे सर्व पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले होते. शस्त्रक्रिया व जखमींची शुश्रूषा हे त्यांचे काम. पथकातील बंगालचे डॉ. बिजय कुमार बसू पुढे १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तेथे सुयांनी उपचार करण्याची विद्या म्हणजे अॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यास येऊन त्यांनी ती सुरू केली. भारतात तिचा पाया तेथे पडला. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये व त्यानंतर महाराष्ट्राने तिच्यासाठी कायदा केला. केंद्र शासनाने २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखी व डोकेदुखी यांत तिने काहींना आराम पडतो. मधुमेह बरा करतो, मूतखडा विरघळवतो असे जो सांगेल, त्याच्यापासून मात्र दूर राहावे. उपचारासाठी नागपूरला जाणाऱ्यांनी उपचारकाची नोंदणी विचारावी आणि सुई प्रत्येक वेळी नवी, बंद पाकिटातून आपल्यासमोर काढलेली आहे, हे पाहावे.

चिनी औषधांचा विचार मात्र निराळा केला पाहिजे. त्यांतून जगाला मोठी देणगी मिळाली आहे, हे नाकारता येत नाही. श्रीमती तू यू-यू यांनी चौथ्या शतकातील एका जुन्या ग्रंथाच्या सूचनेवरून १९७२ च्या सुमारास हिवतापावरील आर्टेमिसिनिन वेगळे केले आणि त्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ असे समजणाऱ्यांनी ब्रुसेल्सची हकीकतही ऐकावी. १९९० च्या सुमारास तेथील एका चिकित्सालयात वजन उतरविण्यासाठी चिनी वनस्पतींची भुकटी दिली जात होती. तीत अॅरिस्टोलोकिया या विषारी वनस्पतीचा अंश आला आणि शंभरहून अधिक जणांची मूत्रपिंडे निकामी झाली वा बिघडली.

आपल्या वाचकांच्या दृष्टीने दुसरी अडचण याहूनही मोठी आहे. चिनी औषधसंग्रहात वनस्पतींबरोबर प्राण्यांचे अवयवही आहेत. वाघाची हाडे, गेंड्याचे शिंग, अस्वलाचे पित्त, खवल्या मांजराचे खवले, समुद्रघोडा, गाढवाच्या कातड्यापासून काढलेला डिंक ही त्यांपैकी काही. हुआ-तोने वाघाची चाल पाहून व्यायाम बसविला. त्याच्याच देशात वाघाची हाडे मद्यात मुरविली गेली, ही इतिहासाची विपरीत गती होय. चीनने १९९३ मध्ये वाघाचे हाड व गेंड्याचे शिंग यांच्या व्यापाराला बंदी केली आणि २०२० मध्ये खवले अधिकृत औषधसूचीतून वगळले. पण चोरटी मागणी संपलेली नाही. आपल्या छिंदवाडा-शिवनीच्या पेंच जंगलात वाघ आहेत आणि मध्य प्रदेशातील अरण्यांत खवल्या मांजरही आहे. त्यांच्या शिकारीमागे दूरदेशीचा हा बाजारच उभा असतो. तेव्हा परदेशाहून कोणी पाहुणा ‘चिनी बलवर्धक’ म्हणून बाटली आणील किंवा दुकानात विक्रीस ठेवण्याविषयी कोणी विचारील, तर प्रथम घटकांची यादी वाचावी. यादी केवळ चिनी लिपीत असेल, तर तो माल घरात व दुकानात, दोन्हीकडे नाकारावा. गाढवाच्या कातड्याचा डिंक बहुधा ‘अ-च्याव’ या नावाने येतो आणि त्याच्या वड्या काळ्या, चकचकीत, गुळाच्या पाकातील मिठाईसारख्या दिसतात. त्या भेट म्हणून आल्या तर ओळखू याव्यात, एवढ्यासाठी हे वर्णन येथे दिले आहे.