उद्योगांचा हातभार आणि वऱ्हाडातील गावे

लोकांच्या पैशातून लोकांचे काम उभे करण्याची परंपरा वऱ्हाडला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या संत गाडगे महाराजांनी दात्यांकडून मिळालेल्या पैशातून धर्मशाळा आणि सदावर्ते उभी केली. स्वतःजवळ मात्र खराटा व गाडगे याखेरीज काही ठेवले नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावती येथे कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले, तेही समाजाच्या साहाय्यावर. आज दात्याच्या जागी पुष्कळदा एखादी कंपनी असते. तिचा पैसा गावाच्या खऱ्या गरजेपर्यंत कसा पोहोचावा, याचा विचार या लेखात केला आहे.

कायद्याची तरतूद

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ अन्वये सामाजिक दायित्वाची तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अंमलात आली. लगतच्या आर्थिक वर्षात नक्त मत्ता ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीस मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे या कायद्याने ठरविले. आरोग्य, शिक्षण, पिण्याचे पाणी, पर्यावरण, ग्रामविकास इत्यादी विषय कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिले आहेत. केवळ आपल्याच कामगारांच्या सोयीसाठी केलेला खर्च किंवा राजकीय पक्षास दिलेली देणगी यात धरली जात नाही.

कंपनीने आपल्या कार्यक्षेत्राच्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. हेतू चांगला आहे. तथापि ज्या भागात कारखाने थोडे, त्या भागाच्या वाट्यास हा पैसाही थोडाच येण्याचा संभव असतो. कोरडवाहू कापूस व सोयाबीनवर जगणाऱ्या वऱ्हाडातील तालुक्यांना म्हणूनच आपली गरज नेमकेपणाने मांडून दूरच्या उद्योगांचे लक्ष वेधावे लागते.

गरज ओळखूनच मदत

मदतीपूर्वी गावाची प्रकृती जाणून घेणे आवश्यक आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. येथील भूगर्भातील पाणी खारट असून ते पिण्यास योग्य नसते; ओलितास सतत वापरल्यास जमीनही बिघडते. अन्यत्र वरदान ठरणारी कूपनलिका येथे निरुपयोगी ठरते. येथे पावसाचे गोडे पाणी साठविणारे शेततळे अधिक उपयोगी पडते. अशा बाबतीत अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा सल्ला आधी घेणे श्रेयस्कर.

जलशुद्धीकरण यंत्राचीही तीच गोष्ट. यंत्र बसविण्याचा समारंभ एका दिवसात उरकतो; परंतु वीजदेयक, पडद्यांची बदली, यंत्र चालविणाऱ्याचे मानधन आणि बाहेर पडणाऱ्या अतिखारट पाण्याची विल्हेवाट हे प्रश्न पुढे अनेक वर्षे राहतात. त्यांची तजवीज आधी केली नाही, तर शेडला कुलूप लागते आणि गृहिणी पुन्हा त्याच खाऱ्या विहिरीवर जाते.

मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत गरज निराळी आहे. तेथील कोरकू पाड्यांतून रुग्णालय दूर आणि बालकांचे आरोग्य नाजूक. धारणी तालुक्यातील उतावली येथे डॉ. आशिष सातव यांची ‘महान’ संस्था रुग्णालय चालविते आणि गावातील स्त्रियांना आरोग्यसेविकेचे शिक्षणही देते. अशा कामात इमारतीपेक्षा माणसे तयार करण्यावर झालेला खर्च दीर्घकाळ टिकतो.

संस्थांची पूर्वतयारी

कंपनीस काम स्वतः करता येते, तसेच संस्थेमार्फतही करता येते. संस्था मात्र नोंदणीकृत विश्वस्त संस्था, सोसायटी किंवा ना-नफा कंपनी असावी लागते. आयकर कायद्याखालील धर्मादाय नोंदणी, अशा कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव आणि १ एप्रिल २०२१ पासून केंद्र शासनाकडील स्वतंत्र नोंदणी क्रमांक या अटी सर्वसाधारणपणे लागू आहेत. अनेक लहान संस्थांचे काम चोख असते, पण लेखापरीक्षित हिशेब व धर्मादाय कार्यालयाची कागदपत्रे अपुरी असतात. अशा संस्थांना हिशेबनिसाची मदत देणे हीदेखील उद्योगांची मोलाची सेवा होय.

सहभागाचा धडा

२०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा प्रथम भरली, तेव्हा निवडलेल्या ३ तालुक्यांत अमरावती जिल्ह्यातील वरूड होता. गावकऱ्यांनी आधी पाणलोटाचे शिक्षण घेतले, मग हाती कुदळ-फावडे घेतले. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात २०१८ मध्ये जलाशयांतील गाळ काढण्याची मोहीम झाली. भारतीय जैन संघटनेने यंत्रे दिली, शासनाने इंधनाचा भार उचलला आणि शेतकऱ्यांनी गाळ स्वखर्चाने शेतात नेला. प्रत्येकाचा वाटा ठरलेला होता. ज्या कामात गावाचा घाम असतो, त्याची राखण गाव आपणहून करते.

म्हणून कोणत्याही कंपनीने ग्रामसभेत गरज समजून घ्यावी, कामाचा खर्च गावाच्या फलकावर लिहावा, देखभाल कोण करणार हे प्रारंभीच लेखी ठरवावे आणि काम पूर्ण झाल्यावर वर्षभराने पुन्हा गावी यावे. गावानेही देणगी मागताना आपला वाटा काय, हे आधी सांगावे. उद्‌घाटनाचे तोरण सुकल्यानंतरही नळाला गोडे पाणी येत असेल, तर तो पैसा सत्कारणी लागला असे निःसंशय म्हणता येईल.