मोबाइलच्या कांचेवरील चरे आणि स्क्रीनगार्डची उपयुक्तता

शेतकऱ्याच्या अवजारांत नांगर, कुळव, पाभर व विळा यांची गणना आपण पूर्वापार करीत आलों आहों. त्यांच्या जोडीस आतां मोबाइलही धरणें भाग आहे. बाजारभाव, हवामानाचा अंदाज, बँकेचा संदेश या गोष्टी त्यावर मिळतातच; परंतु १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हांपासून गांव नमुना १२ मधील पिकाची नोंद खातेदारानें स्वतः शेतांत उभें राहून मोबाइलवर करावी, अशी व्यवस्था झाली आहे. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांतील कारकुनीच्या काळांत पाहणीचे जे कागद वर्षानुवर्षें हाताळले, त्या कागदांचें काम आज तळहाताएवढ्या कांचेवर होत आहे. ऐन मुदतीच्या अखेरीस ती कांच फुटून बोटाचा स्पर्श लागेनासा झाला, तर नोंद राहून जाते. आणि नोंद राहिली म्हणजे पुढें विमा, कर्ज किंवा नुकसानभरपाई यांच्या वेळीं किती हेलपाटे पडतात, हें वाचकांस सांगावयास नको. सबब कांच धड ठेवणें हा हौसेचा प्रश्न नसून व्यवहाराचा प्रश्न आहे.

याविषयीं बाजारांत दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, वर स्क्रीनगार्ड बसविल्यावांचून मोबाइल दुकानाबाहेर नेऊंच नये. दुसरा म्हणतो, हल्लींची कांच इतकी कठीण असते कीं, तीवर चाकूनेंही ओरखडा उठत नाहीं. मग कांचेवर आणखी कांच कशाला? दोन्ही मतांत कांहीं सत्य आहे व कांहीं अपुरेपणा आहे. निवाडा करण्यापूर्वीं चरा कशानें पडतो, कांच कां फुटते आणि गार्ड नेमकें काय काम करतो, हे तीन मुद्दे क्रमानें पाहूं.

चरा कशानें पडतो?

एका पदार्थानें दुसऱ्यावर चरा पाडावयाचा, तर पहिला दुसऱ्याहून कठीण असला पाहिजे. या साध्या नियमावर फ्रीडरिख मोस नांवाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं खनिजांची १० पायऱ्यांची श्रेणी लावून दिली. तींत पहिल्या पायरीवर शंखजिरें, दुसरीवर जिप्सम, सातवीवर गारेचा दगड म्हणजे क्वार्ट्‌झ, नववीवर माणिक व नीलम ज्या जातीचे तो कुरुंद आणि दहावीवर हिरा येतो. या मापानें आपलें नख २.५ च्या सुमारास, तांबें ३ च्या आणि चाकूचें पोलाद ५.५ च्या सुमारास बसतें. मोबाइलची कांच साधारणतः ६ च्या आसपास टिकाव धरते. सातव्या पायरीचा पदार्थ मात्र तीवर स्पष्ट चरा उठवितो.

यावरून दिसून येईल कीं, खिशांतील किल्ली व नाणें यांवर आपण जो संशय घेतों तो बहुतांशीं व्यर्थ आहे. धातूच्या घर्षणानें कांचेवर कधीं कधीं करडी रेघ दिसते. परंतु ती कांचेला पडलेली खांच नसून कांचेनें घासून घेतलेली धातूची भुकटी असते, आणि पुसल्यास बहुधा निघून जाते. खरा अपराधी निराळाच आहे. तो म्हणजे किल्लीबरोबर खिशांत आलेला धुळीचा कण.

काळ्या जमिनीचा मूळ दगड बेसाल्ट. त्यांत मोकळी गार फारशी नसते. तथापि त्याच्या पोकळ्यांत तयार झालेली गारगोटी बांधावर व नांगरटींत सर्रास सांपडते, आणि ती गारेच्याच जातीची आहे. भंडारा, गोंदिया व चंद्रपूर या पूर्वेकडील जिल्ह्यांत, तसेंच दक्षिण कोंकणांत, कित्येक ठिकाणीं जमीन जुन्या खडकांपासून झालेली असल्यामुळें तेथील रेताड मातींत गारेचे कण विपुल असतात. भाताचें तूस जाळल्यावर वजनाच्या सुमारें पांचव्या हिश्शाइतकी राख उरते, व ती बहुतेक सगळी सिलिकाच असते. तुसाच्या राखेनें भांडीं लखलखीत निघतात, याचें कारण हेंच. तेव्हां खळें, मळणीयंत्र, भातगिरणी व गाडीवाट या ठिकाणीं वावरणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशांत कांचेहून कठीण असा पदार्थ नित्य असतो, असें समजावें.

असा कण नुसता कांचेवर बसल्यानें इजा होत नाहीं. फाळ दाबला गेल्याशिवाय तास उमटत नाहीं, त्याप्रमाणेंच कण दाबून ओढला गेला तरच चरा पडतो. घट्ट खिशांतून मोबाइल ओढून काढणें, तो कांचेच्या बाजूनें पालथा ठेवून सरकविणें, आणि धुळीनें भरलेली कांच उपरण्यानें वा सदऱ्याच्या टोंकानें खसखसून पुसणें, या तीन संवयींत दाबणें व ओढणें हीं दोन्ही होतात. कांच स्वच्छ करीत आहों अशा समजुतीनें मनुष्य वास्तविक ती घाशीत असतो.

कांच कां फुटते?

मोबाइलवरील कांच ही खिडकीच्या कांचेहून निराळी असते. अशा बळकट केलेल्या कांचेचा एक प्रकार अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीनें १९६० च्या दशकांत तयार केला होता; परंतु त्यास गिऱ्हाईक फारसें मिळालें नाहीं. पुढें २००७ सालीं ॲपल कंपनीचा आयफोन निघाला, तेव्हां या घराण्यांतील कांच त्यावर बसली व गोरिला ग्लास या नांवानें ती सर्वत्र प्रसिद्ध झाली. आज इतर कंपन्याही याच तत्त्वावर कांच बनवितात.

ती बळकट करण्याची रीत बागायतदारांस सहज समजेल. द्राक्षबागेस ठिबकांतून आपण १३:०:४५ हें खत सोडतों. तें म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, जुन्या भाषेंत सोरा. हाच क्षार सुमारें ४०० अंश सेल्सिअस उष्णतेवर वितळवून त्या रसांत कांच बुडवून ठेवतात. कांचेच्या पृष्ठभागांतील सोडियमचे लहान कण बाहेर पडतात व त्यांच्या जागीं पोटॅशियमचे मोठे कण शिरतात. लहानाच्या जागेंत मोठा बसल्यामुळें पृष्ठभाग चोहोंकडून दाटतो. लोहारानें तापवून चढविलेली धाव थंड होतांच आवळून गाडीचें चाक दाबून धरते, तसाच दाब त्या कांचेच्या पृष्ठभागांत कायमचा राहतो.

या दाबाचा उपयोग काय? कांच दाबानें सहसा फुटत नाहीं, ताणानें फुटते. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनियरानें १९२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत दाखविलें कीं, कांच जितकी बळकट असावयास पाहिजे तितकी ती प्रत्यक्षांत नसते, याचें कारण तिच्या अंगावरील सूक्ष्म तडे होत. ताण पडतांच तो तड्याच्या टोंकाशीं एकवटतो व तडा पुढें धांवतो. नव्या धोतराच्या कांठास बारीक चीर दिली म्हणजे तें हातानें सरळ फाटत जातें, तोच हा प्रकार. दाटलेला पृष्ठभाग अशा तड्यांचें तोंड मिटवून धरतो. परंतु हा थर मनुष्याच्या केसाच्या जाडीच्या आसपासच असतो. चरा वरवरचा असेल तर तो दिसण्यापुरता वाईट. मात्र जो खोल गेला, त्यानें या थराला खिंडार पाडलें. मग एरवीं ज्या पडण्यानें कांहीं झालें नसतें, त्या पडण्यानें कांच एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत तडकते. चऱ्याची उपेक्षा करूं नये ती याकरितां.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. ही कांच खालील चित्रदर्शक पटलास पारदर्शक डिंकानें चिकटविलेली असते. म्हणून कांच फुटली कीं बहुधा सबंध स्क्रीनच बदलावी लागते, आणि तो खर्च कित्येकदां मोबाइलच्या किंमतीचा मोठा हिस्सा खाऊन जातो.

गार्ड काय करतो?

बाजारांत मुख्यतः दोन प्रकारचे गार्ड मिळतात. एक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा व दुसरा टेम्पर्ड ग्लास, म्हणजे सुमारें एक तृतीयांश मिलिमीटर जाडीची दुसरी कांच. प्लास्टिकवर चरे लवकर पडतात. पण तो फुटत नाहीं, आणि वळणदार कडांच्या स्क्रीनवर नीट बसतो. कांचेचा गार्ड बोटास गुळगुळीत लागतो व चऱ्यांसही अधिक काळ दाद देत नाहीं. पण कडेला धक्का बसल्यास फुटतो.

टेम्पर्ड ग्लासच्या पाकिटावर पुष्कळदां ‘९एच’ असें ठळक छापलेलें असतें. तें पाहून ही कांच नवव्या पायरीची, म्हणजे माणकाइतकी कठीण, असा समज होतो. तो सर्वस्वीं चुकीचा आहे. हा अंक मोसच्या श्रेणींतील नसून शिसपेन्सिलींच्या श्रेणींतील आहे. चित्रकाराच्या पेटींत मऊ व कठीण अशा निरनिराळ्या पेन्सिली असतात. त्यांपैकीं ९एच या कठीण पेन्सिलीनें ओरघडलें तरी चरा पडत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिलीच्या शिशापुढें कांच टिकली, त्यांत नवल तें काय? गारेच्या कणापुढें तो गार्ड मूळ कांचेप्रमाणेंच हार खाणार. सबब या अंकासाठीं अधिक पैसे मोजूं नयेत.

मग गार्डचा उपयोग कोणता? तो कुंपणाचा. कांट्यांचें कुंपण गुरांनीं मोडलें तर पीक राहतें व कुंपण थोडक्या खर्चांत पुन्हां घालतां येतें. त्याचप्रमाणें चरा गार्डनें आपल्या अंगावर घ्यावा आणि मूळ कांचेचा दाटलेला थर अभंग राहावा, हेंच त्याचें कार्य. मोबाइल उंचावरून पडल्यास गार्ड कांहीं प्रमाणांत धक्का सोसतो. परंतु गार्ड फुटला म्हणजे स्क्रीन खात्रीनें वांचली, असें अनुमान काढूं नये. पातळ गार्ड मूळ कांचेहून लवकर फुटतो. तेव्हां जेथें गार्ड फुटला तेथें गार्ड नसता तर स्क्रीन फुटलीच असती, असें सिद्ध होत नाहीं. पडण्यापासून रक्षण मुख्यतः कव्हर करतें, आणि तेंही ज्याच्या कडा कांचेहून किंचित् उंच आहेत असेंच कव्हर.

गार्डाचे दोषही सांगितले पाहिजेत. बसवितांना आंत धूळ राहिली तर बुडबुडे येतात व स्पर्श नीट लागत नाहीं. ज्या मोबाइलमध्यें बोटाचा ठसा स्क्रीनखालून घेतला जातो, त्यांत जाड गार्डामुळें ठसा ओळखण्यास अडथळा येऊं शकतो. म्हणून दुकानांतच ठसा लावून खात्री करावी. पातळ डिंक ओतून चिकटविण्याचे जे गार्ड असतात, त्यांचा डिंक कडेच्या छिद्रांत शिरण्याचें भय असतें. साध्या सपाट मोबाइलास ते घेऊं नयेत, हें बरें.

निर्णय आणि कांहीं नियम

वरील विवेचनावरून निर्णय असा निघतो कीं, ज्याचा मोबाइल बहुधा घरांत वा कचेरींत राहतो त्यानें गार्ड न लावला तरी चालेल. परंतु जो शेतकरी तो शेतांत, खळ्यावर व ट्रॅक्टरवर नेतो, त्यानें साधा, बेताच्या किंमतीचा टेम्पर्ड ग्लास अवश्य लावावा. गार्डावर भिस्त ठेवून पुढील काळजी मात्र सोडूं नये :

१. कांच पुसण्यापूर्वीं फुंकर मारून किंवा मऊ ब्रशानें धूळ उडवावी. नंतर स्वच्छ, किंचित् ओलसर सुती फडक्यानें दाब न देतां पुसावी.

२. मोबाइलसाठीं एक खिसा राखून ठेवावा. त्यांत किल्ली, तंबाखूची चंची, बियाणें वा खताचे दाणे ठेवूं नयेत; आणि तो खिसा आठवड्यांतून एकदां उलटा करून झाडावा.

३. पाठीमागील कॅमेऱ्याच्या कांचेसही हेच नियम लागू आहेत. ती धुरकट झाली तर पिकाचें छायाचित्र अस्पष्ट येतें, व पाहणीस छायाचित्र हाच पुरावा आहे.

४. चरा पडल्यावर दंतमंजन, टूथपेस्ट किंवा राख चोळूं नये. त्यानें खांच भरून येत नाहीं. उलट बोटांचा तेलकटपणा चिकटूं नये म्हणून कांचेवर जो अतिसूक्ष्म लेप दिलेला असतो, तो मात्र झिजून जातो.

५. तडकलेला गार्ड तसाच ठेवूं नये. त्याचे कपचे बोटांत शिरतात व फटींत धूळ सांचते. तो काढून नवा बसवावा. मूळ स्क्रीनलाच तडा गेला असेल तर पाणी व फवारणीचें औषध आंत शिरण्यापूर्वीं दुरुस्ती करून घ्यावी.

६. ई-पीक पाहणी मुदतीच्या पहिल्या आठवड्यांतच उरकावी. कांच केव्हां फुटेल हें आपल्या हातीं नाहीं. नोंद केव्हां करावी हें आहे.

असो. विळा वापरल्यावर आपण तो धुऊन, पुसून जागच्या जागीं ठेवतों. जी कांच आज आपल्या सातबाऱ्यापर्यंत पोंचली आहे, तिची तेवढी तरी निगा ठेवावी, इतकीच शेतकरी बंधूंस विनंती आहे.